उंटांनी मळलेली वाट

आठवीच्या वर्गात एकदा एका मुलाने मला विचारलं, "सर, हिस्ट्री में अपने लोगां खाली बादशाहच थे क्या? काम करनेवाले कोई नै थे?"

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. इतिहासाचे शिक्षक रजेवर असले की तो तासही माझ्याकडे येतो. मुलं माझ्याशी मराठी, उर्दू आणि दखनी अशी मिसळ करूनच बोलतात, मीही त्यांना अडवत नाही. त्या दिवशी मात्र मी अडलो. पाठ्यपुस्तकात बहमनी होते, आदिलशाही होती, मुघल होते. तो मुलगा ज्या घरातून येतो, त्या घरात बाप यंत्रमागावर आणि आई विड्यांच्या सुपापुढे. त्याला बादशहांशी काय देणंघेणं! मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं आणि घंटा झाली.

त्या प्रश्नाचं बरं उत्तर मला मिळालं ते थेट ऑस्ट्रेलियात, सायकलवर. ते कसं, ते सांगतो.

माझा भाचा अ‍ॅडलेडला नोकरी करतो. दोन वर्षं तो मागे लागला होता, "मामू, एकदा तरी या." शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो. आपल्याकडे मे म्हणजे डोक्यावर आग, तिथे तो थंडीच्या तोंडाचा महिना. मी जन्माचा सायकलवाला. बीएडला असताना सायकलवर, नोकरी लागल्यावर सायकलवर, आता गुडघे कुरकुरतात तरी सायकलवरच. म्हणून भाच्याला एकच गोष्ट मागितली होती: शहर नंतर दाखव, मला एक दिवस त्या लाल मातीच्या मुलखात सायकल चालवू दे. त्याने अ‍ॅडलेडमधून जाड टायरची सायकल भाड्याने घेतली, गाडीच्या मागे बांधली आणि मला साडेसहाशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला मरी नावाच्या गावी नेलं.

पटरीच्या अलीकडे, पटरीच्या पलीकडे

मरी म्हणजे आपल्याकडच्या वाडीएवढं गाव. एक जुनं हॉटेल, बंद पडलेलं रेल्वे स्टेशन, गंज चढलेली दोन-चार इंजिनं आणि चारी बाजूंना आकाश. पूर्वी याचं नाव हरगॉट स्प्रिंग्ज. फज्रच्या वेळी आम्ही बाहेर पडलो तेव्हा थंडीने बोटं आखडली होती. भाचा म्हणाला, "मामू, इधर आओ, आपको कुछ दिखाता हूँ."

स्टेशनजवळ त्याने मला एक मशीद दाखवली. मशीद म्हणजे काय, तर मातीच्या बुटक्या भिंती, लाकडाचे खांब आणि वर फांद्यांचं छप्पर. ना मिनार, ना घुमट. एकोणिसाव्या शतकात इथे जी मशीद होती तिची ही नक्कल, मूळ मशीद केव्हाच पडून गेली. ती बांधली होती उंटवाल्यांनी. ऑस्ट्रेलियातल्या अगदी सुरुवातीच्या मशिदींमध्ये तिची गणना होते. त्या छपराखाली उभं राहिल्यावर मला आमच्या गावाकडची, माझ्या दादांच्या लहानपणीची कुडाची मशीद आठवली. तिच्याबद्दल मी फक्त ऐकलंय.

इंग्रज साहेबांना या खंडाच्या आतला मुलूख धुंडाळायचा होता. घोडा आणि बैल तिथे टिकत नव्हते, कारण पाणी नव्हतं. म्हणून १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानातून चोवीस उंट आणि त्यांना सांभाळणारी माणसं मेलबर्नला नेण्यात आली. पुढे १८६६ च्या सुमारास थॉमस एल्डर या बड्या व्यापाऱ्याने कराचीहून शंभरावर उंट आणि ३१ माणसं मागवली. तिथून ओघ सुरू झाला. १८७० ते १९२० या पन्नास वर्षांत दोन ते चार हजार उंटवाले आणि वीस हजारांपर्यंत उंट आले असावेत, असा अंदाज केला जातो.

सगळ्यांना एकच नाव पडलं: 'अफगाण', आणि त्याचंही तोडून 'घान'. काही खरोखरच अफगाण होते. पण बरेच बलुच, पंजाबी, सिंधी, काश्मिरी, राजस्थानकडचे होते. बहुतेक मुसलमान, काही शीख आणि हिंदूही.

इथे एक गोष्ट आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. म्हणजे कराचीच्या बंदरातून जहाजावर चढणारा उंटवाला आणि रत्नागिरीचा खलाशी, साताऱ्याचा शेतकरी, सोलापूरचा विणकर हे सगळे एकाच गव्हर्नरची रयत होते. कागदावर तरी तो आपल्याच इलाख्यातला माणूस. आज कराची म्हटलं की आपल्या कपाळावर आठी पडते, पण तेव्हाचा नकाशा वेगळा होता.

मरी गाव रेल्वेच्या पटरीने दोन भागांत तोडलेलं होतं. एका बाजूला गोऱ्यांची घरं, हॉटेल, दुकान. दुसऱ्या बाजूला 'घानटाउन', म्हणजे उंटवाले आणि इथले मूळ आदिवासी. कब्रस्तानातही भाग वेगळे. पटरीच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हे आपल्याला कुणी वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या प्रत्येक शहरात अशी एक पटरी असते.

सव्वासात ते एक

सूर्य उगवता उगवता मी सायकलवर बसलो. भाच्याने गाडी पुढे काढली. ठरलं असं की, त्याने वीस-पंचवीस किलोमीटर पुढे जाऊन थांबायचं आणि मी गाठायचं. माझ्याजवळ पाण्याच्या तीन बाटल्या, खजूर, चपात्या आणि पंक्चरचं सामान. बेत होता संध्याकाळपर्यंत नव्वद किलोमीटरवरचं दक्षिण लेक एअर गाठायचा. लेक म्हणायचं, पण बहुतेक काळ ते मिठाचं कोरडं मैदान असतं, समुद्रसपाटीपेक्षाही खाली गेलेलं.

हा रस्ता म्हणजे उडनाडाटा ट्रॅक. मरीपासून मार्लापर्यंत सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, सगळा कच्चा. पाऊस पडला की बंद करतात. कोरडा असला की त्यावर गाड्यांच्या चाकांनी आडव्या लाटा उठलेल्या असतात, घरावरच्या नालीदार पत्र्यासारख्या. त्यावरून सायकल नेली की दात, मणगट आणि पाठीचा कणा एकदमच वाजायला लागतात. दहा किलोमीटरमध्ये मला कळलं की रस्त्याच्या मधून जाणं मूर्खपणा आहे. कडेला जिथे माती बारीक आणि दाबलेली असते, तिथून एक वीतभर पट्टा शोधायचा आणि तो सोडायचा नाही. दिवसभर माझी नजर त्या वीतभर पट्ट्यावर होती. आजूबाजूला काय आहे ते बघायचं तर थांबावं लागायचं.

थांबलो की दिसायचं ते एवढंच: लालसर तपकिरी गोटे पसरलेलं मैदान, मध्येच करड्या रंगाची खुरटी झुडपं, आणि रस्त्याच्या बाजूने सोबत करणारा जुन्या रेल्वेचा भराव. कुठे उखडलेले स्लीपर, कुठे मोडका पूल. ही रेल्वे १८८४ मध्ये मरीला पोचली आणि १८९१ मध्ये उडनाडाटाला. त्याआधी, १८७२ मध्ये, याच बाजूने तारेची लाइन पूर्ण झाली होती, दक्षिणेच्या पोर्ट ऑगस्टापासून थेट उत्तरेच्या डार्विनपर्यंत, सुमारे ३,२०० किलोमीटर. त्या तारेमुळे ऑस्ट्रेलिया लंडनशी जोडला गेला. तारेच्या कामाला लागणारं सामान उंटांनी वाहिलं. रेल्वेचं सामान उंटांनी वाहिलं. लांबच्या गोठ्यांना पीठ, चहा, साखर उंटांनी पोचवली आणि परतताना लोकरीचे गठ्ठे आणले. एका उंटावर तीन-चारशे किलो बोजा, दिवसाला तीसेक किलोमीटर चाल. माणूस बहुतेक पायीच.

तेव्हा ही वाट कुणी शोधली? साहेबांच्या पुस्तकात लिहिलंय, जॉन मॅकडुअल स्टुअर्टने. त्याने हा मुलूख ओलांडला हे खरंच आहे. पण तो इथून जाऊ शकला कारण इथे जमिनीतून पाण्याचे झरे वर येतात, एकापुढे एक, माळेतल्या मण्यांसारखे. ते झरे अरबाना लोकांचे होते, हजारो वर्षांपासून. वाट त्यांची, पाणी त्यांचं. मग तार आली, गोठे आले, रेल्वे आली, आणि उंटांचे तांडेही आले. सगळे त्याच पाण्यावर. आपले लोक मेहनती होते हे अभिमानाने सांगताना हेही सांगायला हवं की त्यांचे तहानलेले उंटसुद्धा कुणाच्या तरी झऱ्यावरच पाणी पीत होते.

चाळीस किलोमीटरच्या आसपास मला ते प्रसिद्ध जाळीचं कुंपण लागलं, रानटी कुत्र्यांना मेंढ्यांपासून दूर ठेवण्यासाठी घातलेलं. पाच हजारांहून जास्त किलोमीटर लांब आहे म्हणतात. मला त्याचं कौतुक करायला वेळ नव्हता, कारण मागच्या चाकातली हवा गेली होती. टायरमध्ये काटा. पाहिलं तर हुबेहूब आपला सराटा! त्या वैराण जागी, घरापासून हजारो मैलांवर, तो काटा बघून मला हसू आलं. सराट्याने लहानपणी माझे किती तळवे फोडले असतील.

पंक्चर काढलं तोवर एक वाजून गेला. कुंपणाच्या सावलीला सावली म्हणता येत नव्हतं. माशा तोंडात जात होत्या. जुहरची वेळ झाली होती. फोनवर किबला पाहिला. आपल्याकडे जशी पश्चिम, तशी तिथेही पश्चिमच, जराशी उत्तरेकडे झुकलेली. मी अर्ध्या बाटलीत वुजू उरकलं. आपल्याकडे नळाखाली बसून आपण किती पाणी सांडतो, ते त्या दिवशी कळलं.

पाय धुण्याची किंमत

त्या अर्ध्या बाटलीपाशी मला थांबलं पाहिजे, कारण पाणी आणि वुजू यावरून ऑस्ट्रेलियात रक्त सांडलेलं आहे.

१८९२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डीला सोनं सापडलं, पुढच्या वर्षी कलगुर्लीला. हजारो लोक तिकडे धावले. सोनं होतं, पाणी नव्हतं. पाण्याचा नळ तिथे पोचायला १९०३ उजाडलं. तोवर अन्न आणि पाणी पोचवलं ते उंटांनी. पण वर्तमानपत्रांत ओरड सुरू झाली की हे 'अफगाण' लोक पाणवठ्यावर हातपाय धुऊन पाणी घाण करतात. गाडीवान आणि उंटवाले यांच्यात धंद्याची चुरस होती, तिला हे निमित्त मिळालं. १८९४ मध्ये अशाच एका भांडणात गोळी चालली, उंटवाला मेला, गोळी घालणारा निर्दोष सुटला.

याच सोन्याच्या मुलखात त्याच वर्षांत आणखी एक वाहन आलं. सायकल.

१८८५ नंतर दोन सारख्या चाकांची, साखळीची सायकल आली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचं टायर काढलं. नव्वदच्या दशकात या सायकली ऑस्ट्रेलियात पोचल्या आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना ओसाड मुलखाचं वाहन बनल्या. कारण साधं होतं. घोड्याला रोज बादल्यांनी पाणी लागतं, सायकलला थेंबही लागत नाही. कूलगार्डीत सायकलवरून टपाल आणि तारा पोचवणाऱ्यांचा धंदाच उभा राहिला. मेंढ्यांची लोकर कातरणारे मजूर सायकलवर वळकटी बांधून एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जाऊ लागले.

पण रस्ते कुठे होते? बैलगाड्यांच्या लोखंडी धावा जमीन उकरून टाकतात. घोड्याचा नाल माती फोडतो. वाळूत सायकल रुतते. मग ही माणसं सायकली चालवत कशावरून होती?

उत्तर वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. ती चालत होती उंटांच्या पायवाटांवरून. उंटाचा पाय मऊ आणि गादीसारखा रुंद असतो. तांडा एकामागे एक, एका ओळीत चालतो. शेकडो उंट त्याच रेषेवरून महिनोन्महिने गेले की माती दाबून घट्ट होते, वरचे खडे बाजूला सरतात आणि रानातून एक अरुंद, गुळगुळीत पट्टा तयार होतो. सायकलला तेवढाच पट्टा लागतो. तिथल्या सायकलस्वारांना ही वाट पक्की माहीत होती आणि ते ती शोधत जायचे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागातल्या सायकलीचा इतिहास लिहिणाऱ्या जिम फिट्झपॅट्रिक यांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे.

म्हणजे पाहा, पेपरात ज्याला 'पाणी नासवणारा' म्हणून शिव्या पडत होत्या, त्याच माणसाच्या उंटांनी मळलेल्या वाटेवरून त्याच पेपरचे नायक सायकली हाकत होते.

नायकांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. आर्थर रिचर्डसनने १८९६ च्या शेवटी कूलगार्डीहून नलारबोरचं मैदान ओलांडून अ‍ॅडलेड गाठलं, ३१ दिवसांत. पुढे १८९९-१९०० मध्ये त्याने सगळ्या खंडाला सायकलने प्रदक्षिणा घातली. जेरोम मुरिफ १८९७ मध्ये अ‍ॅडलेडहून डार्विनला गेला. मी त्या दिवशी होतो त्याच बाजूने, हरगॉट स्प्रिंग्ज, उडनाडाटा, मग तारेच्या लाइनच्या कडेने. अंगात पायजमा आणि सायकलचं नाव 'डायमंड'. निघताना चाक समुद्रात बुडवलं, पोचल्यावर पुन्हा समुद्रात बुडवलं, आणि त्यावर पुस्तक लिहिलं. हिकमती माणसं होती, माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदरच आहे. मी पक्क्या आखलेल्या रस्त्यावर, पुढे गाडी ठेवून, एका दिवसात रडकुंडीला आलो होतो.

पण उंटवाल्यांची नावं? मोहिमांच्या नोंदींत कितीदा तरी फक्त 'एक अफगाण' एवढंच येतं. थोडी नावं उरली आहेत. बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेतल्या दोस्त मोहम्मदला उंटाने चावून एक हात कायमचा निकामी झाला, तो मेनिंडीजवळ दफन आहे. आणि मरीचा दरवेश बेजा, मूळचा बलुचिस्तानचा. १८९६ च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत त्याने तहानेने मरणाऱ्या उंटांना आणि माणसांना सांभाळलं. मोहिमेचा प्रमुख लॉरेन्स वेल्सने त्याला आपलं होकायंत्र भेट दिलं. बेजाने पुढे मरीत खजुराची झाडं लावली आणि १९५७ मध्ये तो वारला. माझ्या खिशातले खजूर दुकानातले होते, पण कुंपणापाशी बसून खाताना मला त्याचीच आठवण होती.

आपलंही थोडं ऐकावं

आपल्या समाजात इतिहास सांगण्याची एक खोड आहे. एक तर बादशहांचा दिमाख, नाही तर आपल्यावर झालेला जुलूम. तिसरं काही नाही. उंटवाल्यांचीही गोष्ट तशीच सांगता येईल, पण ती खोटी होईल.

त्यांच्यातही मालक आणि नोकर होते. फैज आणि ताज मोहम्मद हे भाऊ उंटांचे मोठे व्यापारी, शेकडो उंट बाळगणारे. खाली राबणारी माणसं तीन-तीन वर्षांच्या करारावर आणलेली. १० जानेवारी १८९६ रोजी कूलगार्डीच्या मशिदीत नमाज पढत असताना ताज मोहम्मदवर गोळी झाडण्यात आली. मारणारा गोरा नव्हता. तो गुलाम मोहम्मद नावाचा आपलाच एक माणूस होता, त्याला फाशी झाली. आणि १ जानेवारी १९१५ रोजी ब्रोकन हिलला मुल्ला अब्दुल्ला आणि गुल मोहम्मद या दोघांनी सहलीला निघालेल्या माणसांच्या रेल्वेवर गोळ्या चालवल्या. चार निरपराध माणसं मेली आणि शेवटी ते दोघेही. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते, तुर्कस्तान विरुद्ध बाजूला होता. मुल्ला अब्दुल्लाला नुकताच परवान्याशिवाय जनावर कापल्याबद्दल दंड झाला होता, लोक त्याची टिंगल करत. अपमान खरा असेल, पण सहलीला निघालेल्या बायाबापड्यांचा त्यात काय गुन्हा? मी वर्गात हे लपवत नाही. लपवलं तर उरलेली गोष्टही मुलं खरी मानणार नाहीत.

आता कागदांकडे येतो. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एकसंध देश झाला आणि पहिल्याच वर्षी कायदा आला की बाहेरून येणाऱ्याने कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन लिहून दाखवावं. भाषा कोणती ते अधिकारी ठरवणार. मी भाषेचा मास्तर आहे. श्रुतलेखन मुलांचं शुद्धलेखन सुधारायला असतं, एवढंच मला ठाऊक होतं. ते माणसाला दारातून परतवण्यासाठीही वापरता येतं, हे मी इथे शिकलो. १९०३ मध्ये आणखी एक कायदा झाला आणि आशियातल्या माणसांना नागरिकत्वाचा दरवाजा बंद झाला. ज्यांनी तार, रेल्वे आणि सोन्याच्या खाणी खांद्यावर वाहून आणल्या, ते म्हातारपणी परके ठरले. काही परत गेले. जे राहिले त्यांतल्या अनेकांनी आदिवासी किंवा गोऱ्या बायकांशी लग्नं केली होती, त्यांची मुलंबाळं आजही तिथे आहेत.

मग मोटार लॉऱ्या आल्या. १९२५ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात कायदा झाला की मोकाट उंट पोलिसांनी गोळी घालून मारावेत. ज्या उंटांच्या जोरावर आयुष्य काढलं, त्यांना मरताना बघण्यापेक्षा कितीतरी उंटवाल्यांनी त्यांची दोरी सोडली आणि रानात हाकलून दिलं. त्यांचीच पिलावळ आज लाखांच्या घरात आहे.

हे वाचताना मला माझे दादा आठवले. ते टांगेवाले होते. स्टेशन ते बाजार, चाळीस वर्षं. रिक्षा आल्या आणि टांगा बसला. घोडी कसायाला द्यायची नाही म्हणून त्यांनी ती एका ओळखीच्या शेतकऱ्याला फुकट दिली आणि आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. ही गोष्ट आमच्या घरात एक विनोद म्हणून सांगितली जायची. दादा घोडीसाठी रुसले होते म्हणून. मीही हसायचो. त्या दिवसापासून हसत नाही.

अठ्ठ्याहत्तर किलोमीटर

दुपारनंतर समोरून वारा सुटला. शेपटीवर उभी केलेली दोन विमानं रस्त्याच्या कडेला दिसली. कुणा कलाकाराने लोखंडी भंगारातून रानात असल्या मूर्ती उभ्या केल्यात. इतर वेळी तासभर बघत बसलो असतो. आता पायडलवर उभं राहिलं तरच सायकल पुढे सरत होती. असर पढलो तेव्हा गुडघे टेकवताना आवाज आला.

पाचनंतर ऊन पिवळं होऊन लांबलं आणि थंडी परत आली. मीटरवर अठ्ठ्याहत्तर किलोमीटर झाले होते. भाचा गाडीला टेकून उभा होता. म्हणाला, "मामू, अब बस करो. अंधार पडेल, कांगारू रस्त्यावर येतात." मी अजून बारा किलोमीटरची जिद्द धरणार होतो. पण मग विचार केला, रिचर्डसनला कुणी मामू म्हणून हाक मारणारं नव्हतं, मला आहे. सायकल गाडीला बांधली.

उरलेलं अंतर गाडीत बसून गेलो. खारट मैदान दिसलं तेव्हा सूर्य बुडालेला होता, नुसती पांढरट रेघ होती. मगरिब तिथेच पढलो. भाच्याने थर्मासमधला चहा ओतला आणि आम्ही बराच वेळ गप्प बसलो. रात्री कडाक्याच्या थंडीत तंबूत पडल्या पडल्या मी त्याला विचारलं, "तुला तिथे ऑफिसात कुणी विचारतं का रे, तू मूळचा कुठला?" तो म्हणाला, "रोज." मग थोड्या वेळाने म्हणाला, "पहिल्यांदा वाईट वाटायचं. आता सांगतो, बाबांनो, माझ्या आधी दीडशे वर्षांपूर्वीपासून आमच्याकडचे लोक इथे आहेत. जाऊन मरी बघा."

शाळा जूनमध्ये उघडली. तो मुलगा आता नववीत गेला होता. मी त्याला आणि त्याच्या वर्गाला ही सगळी गोष्ट सांगितली. नकाशावर कराची दाखवलं, मरी दाखवलं, कूलगार्डी दाखवलं. फळ्यावर उंटाचा पाय आणि सायकलचं चाक काढलं. चित्रकला माझी वाईट आहे, मुलं खूप हसली. मग त्यांना एक काम दिलं: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की तुम्ही आयुष्यभर काय काम केलं, ते कुठे केलं, आणि आता ते काम का उरलं नाही. मराठीत दोन पानं लिहून आणायची.

बेचाळीस वह्या आल्या. त्यांत पिंजारी होते, भिश्ती होते, कलईवाले होते, चादरी विणणारे होते, रेल्वेच्या गँगमध्ये खडी टाकणारे होते. एका मुलीने लिहिलं होतं की तिच्या नानीने पन्नास वर्षं रोज हजार विड्या वळल्या, आणि आजवर तिला याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं, म्हणून विचारल्यावर ती आधी रडली आणि मग रात्री बारापर्यंत बोलत राहिली.

शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. त्या वह्यांवर मी लाल पेन चालवलं नाही.